मजा, गंमत, कंटाळा: कोरियन 'जेमी'च्या कार्डसंचाच्या नोंदी

काम एवढंच होतं: एखादी गोष्ट मजेशीर आहे, रंजक आहे किंवा कंटाळवाणी आहे, हे कोरियनमध्ये अडखळत न बसता म्हणता यावं, यासाठी मराठी भाषकांपुरता एक कार्डसंच तयार करायचा. शिकणारे सहा जण. सगळ्यांना हांगुल (कोरियन लिपी) वाचता येतं, सगळ्यांचं पहिलं प्राथमिक पुस्तक संपलेलं. कार्डांसाठी 'अंकी' (Anki) हे पाठांतराचं ॲप घेतलं, कारण ते संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे. आयफोनवर विकत घ्यावं लागतं, हे आधीच सांगून टाका. आमच्याकडे दोघांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

नोंदींत कोरियन शब्द देवनागरीत आहेत. त्यातला 'ऑ' हा 'अ' आणि 'ऑ'च्या मधला स्वर समजा; 'ऑफिस' म्हणताना होतात तेवढे ओठ गोल करायचे नाहीत. कार्डांवर मात्र देवनागरी ठेवलेली नाही. कारण ११ जूनच्या नोंदीत.

२ जून २०२५, सोमवार

पहिला संच झाला. ३० कार्डं, एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला कोरियन. शब्दकोश उघडून चार तासांत संपवला. (८ जूनला जोडलेली ओळ: यातलं एकही कार्ड जसंच्या तसं टिकलं नाही. चारही तास पाण्यात.)

मूळ शब्द 'जेमीइत्ता'. 'जेमी' म्हणजे मजा, 'इत्ता' म्हणजे असणे. उलट 'जेमीऑप्ता': 'ऑप्ता' म्हणजे नसणे. मजा आहे, मजा नाही. मराठी माणसाला ही रचना आयती मिळते. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं याला विशेषण म्हणून पुढे करतात, मग '-इत्ता'चा '-ऑप्ता' का होतो ते वेगळं घोकावं लागतं. आपल्याकडे 'आहे'चं 'नाही' होतंच. 'मासित्ता' (चव आहे, म्हणजे चविष्ट) आणि 'मॉसित्ता' (ऐट आहे, म्हणजे झकास) हे त्याच साच्यातले भाऊ.

लिहिताना 'जेमीइत्ता' एकच शब्द, मधे जागा नाही. कर्त्याचा प्रत्यय लावून 'जेमीगा इत्ता' केलं की जागा येते. बोलताना 'जेमीइस्सॉयो'चं सर्रास 'जेमिस्सॉयो' होतं. हे आखूड रूप अशुद्ध नाही, शब्दकोशात आहे.

४ जून

तीन तास गेले, शिकलो टायपिंग.

संच एक्सेलमध्ये बनवून सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून जतन केला, अंकीत घेतला, तर सगळ्या हांगुलच्या जागी प्रश्नचिन्हं. साधा सीएसव्ही पर्याय हांगुलही खातो आणि देवनागरीही. 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय यादीत असतो, तो निवडायचा. मूळ फाइल बंद करून टाकल्यामुळे ३० ओळी पुन्हा टंकाव्या लागल्या. मूळ एक्सेल फाइल वेगळी ठेवा.

दुसरी भानगड कीबोर्डची. कोरियातला नेहमीचा कीबोर्ड 'दुबॉल्शिक'. त्यावर 'जेमीइस्सॉयो' असं येतं: डब्ल्यू, ओ, ए, एल, डी, एल, शिफ्ट-टी, डी, जे, डी, वाय. घोळ दोन ठिकाणी होतो. शिफ्ट विसरली की 'इत्ता'मधल्या जोड-स ऐवजी साधा स पडतो आणि शब्द चुकतो. ऐकताना फरक कळत नाही, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. दुसरं म्हणजे ओ आणि पी शेजारी आहेत, आणि त्यांवरचे दोन 'ए' स्वर आजच्या सोल बोलीत सारखेच ऐकू येतात. 'जेमी'तला 'ए' ओ-वरचा. आणि 'ऑप्ता'मध्ये शिफ्ट दाबायची नाही: तिथे डी, जे, क्यू, टी, म्हणजे ब आणि साधा स. 'आहे'त जोड-स, 'नाही'त साधा स, असं एका कार्डावर ठळक लिहून ठेवलं. एकूण ३० कार्डांत लिहिण्याच्या ७ चुका सापडल्या, त्यांतल्या ५ याच.

७ जून, शनिवार

पहिली चाचणी. दहा प्रसंग मराठीत वाचून दाखवले, उत्तर कोरियनमध्ये एका वाक्यात. सहा जणांची मिळून ६० उत्तरं. बरोबर २३. चुकलेल्या ३७ पैकी २९ उत्तरांत 'जेमीइस्सॉयो' किंवा 'जेमीऑप्सॉयो' हेच ठोकून दिलेलं.

प्रसंग असे होते: सिनेमा पाहून बाहेर आलात. मैत्रीण पुढच्या आठवड्यात जेजू बेटावर चालली आहे. कोणी विचारलं, कसं चाललंय. रविवारी घरी एकटे, करायला काही नाही. तीन तासांचं लांबलचक भाषण. हॉटेलात यंत्रमानव ताट घेऊन आला. शिक्षक विनोदी आहेत. कोरियाच्या इतिहासात रस आहे. उंच झोक्यावर बसलात. भांडी घासायचा कंटाळा आलाय.

शब्द सगळ्यांना पाठ होते. कार्ड दाखवलं की उत्तर येत होतं. प्रसंग दाखवला की प्रत्येकाच्या डोक्यात आधी मराठी 'मजा' नाहीतर 'कंटाळा' येत होता आणि त्याला चिकटलेला एकच कोरियन शब्द बाहेर पडत होता. कोरियन शब्द फार नाहीत. आपली 'मजा'च फार पसरलेली आहे.

संच रद्द.

८ जून, रविवार

नवी पद्धत: कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द न देता प्रसंग आणि त्या प्रसंगात मराठीत तोंडून जे वाक्य येईल ते द्यायचं. आज फक्त 'मजा' फोडली. सगळा दिवस गेला, पण संचातलं सगळ्यात उपयोगी काम हेच.

'मजा आली' हे संपलेल्या गोष्टीबद्दल. 'जेमीइस्सॉस्सॉयो'. एवढं पुरतं. पण पाहणं, वाचणं, भटकणं असं क्रियापद असेल तर कोरियन माणूस ते क्रियापद घेऊनच बोलतो: 'जेमीइत्के ब्वास्सॉयो' (मजेत पाहिला), 'जेमीइत्के इल्गॉस्सॉयो' (मजेत वाचलं), 'जेमीइत्के नोरास्सॉयो' (मजेत खेळलो, भटकलो). कोणी सुचवलेली मालिका पाहिल्यावर त्याला सांगायचं असेल तर हेच वाक्य.

'मजा येईल!' समोरच्याचा बेत ऐकल्याबरोबर. 'जेमीइत्केत्ता!', बरोबरीच्या माणसाला किंवा स्वतःशीच. आदर हवा तर 'जेमीइत्केन्नेयो'. इथे 'जेमीइस्सॉयो' म्हटलं तर तुम्ही ती गोष्ट आत्ता अनुभवताय असं होतं.

'मजा आहे बुवा तुझी!' यात हेवा आहे, मजा नावालाच. कोरियनमध्ये 'जेमी' इथे येतच नाही. 'जोखेत्ता!' मूळ अर्थ 'बरं असेल'. जेजूच्या प्रसंगात सहापैकी चौघं इथे पडले.

'कसं काय? मजेत.' इथेही 'जेमी' नाही. 'जाल जिनेयो', नीट चाललंय. हे कार्ड सोपं वाटतं म्हणून गाळू नका.

'मजा करा' निरोप देताना. मित्राला 'जेमीइत्के नोरा', थोडं अंतर असलेल्याला 'जेमीइत्के नोसेयो'. वडीलधाऱ्यांना 'खेळा' म्हणणं बरं दिसत नाही. तिथे 'जुल्गॉउन शिगान बोनेसेयो', आनंदात वेळ घालवा.

'गंमत केली रे' म्हणजे थट्टा. 'जांग्नानियेयो' किंवा 'नोंग्दामियेयो'. पहिलं खोडीकडे झुकतं, दुसरं विनोदाकडे.

'सहज, मजा म्हणून' हे 'जेमीरो'. एका शब्दात काम होतं.

दोन चुका वेगळ्या कार्डांवर घेतल्या, कारण त्या मराठीतूनच येतात. एक, 'मजा येते' याचं शब्दशः 'जेमीगा वायो'. कोरियनमध्ये मजा येत नाही, असते. (निघते मात्र: 'जेमीनान इयागी', मजेशीर गोष्ट. यातल्या 'नादा'चा अर्थ निघणं, उगवणं.) दोन, 'मला मजा आली' यातला 'मला'. त्यासाठी 'जॉनुन' पुढे लावून 'जॉनुन जेमीइस्सॉयो' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'मी मजेशीर माणूस आहे' असंही वाटू शकतं. उपाय सोपा: स्वतःला वाक्यातून काढा. कोरियनमध्ये कर्ता गाळलेला खपतो, इथे तर तेच बरं.

११ जून

उच्चार. कार्डांवरची देवनागरी आज काढली. 'जेमीइस्सॉयो' पाहून दोघं जण 'सोयो' म्हणत होते, एकजण 'जेमी इस सॉयो' असं तोडून वाचत होता. हांगुल वाचता येत असताना देवनागरीची कुबडी घेतली की डोळा तिकडेच जातो.

सुरुवातीचा 'ज'. कोरियन शब्दाच्या आरंभी हा 'ज' घोष नसतो, सौम्य आणि खालच्या पट्टीत असतो. कानाला 'जे' आणि 'चे'च्या मधला वाटतो. म्हणून काहींनी 'चेमी' म्हणायला सुरुवात केली, आणि ते आणखी बिघडलं. आपला 'च' कोरियन कानाला त्यांच्या ताठ, दाबलेल्या 'च'सारखा लागतो. ढोबळ जुळणी अशी धरा: त्यांचा साधा वर्ण म्हणजे आपला ज, द, ग, ताठ वर्ण म्हणजे च, त, क, महाप्राण म्हणजे छ, थ, ख. मराठीत तिन्ही वेगळे आहेत, म्हणून हा फरक आपल्याला लवकर साधतो. तेव्हा 'जे'च म्हणा, फक्त घसा जरा सैल सोडा. आणि तालव्य ज, 'जेवण'मधला. 'जहाज'मधला नको.

'इत्ता'मधला 'त्त'. इथे मराठी 'पत्ता' म्हणतो तसाच म्हणा, काही शिकायचं नाही.

'स्स'. 'इस्सॉयो'त तो ताठ आहे. एकेरी 'स' केला तरी संदर्भाने कळतं, पण ऐकायला लुळं वाटतं.

नाकातले बदल. यावर सर्वांत जास्त वेळ गेला. 'इत्ता'ला '-नेयो' लागला की लिहिताना जोड-स तसाच राहतो, पण म्हणताना 'जेमीइन्नेयो'. '-नुन' लागला की 'जेमीइन्नुन'. 'ऑप्ता'चं 'जेमीऑम्नेयो', 'जेमीऑम्नुन'. संस्कृत संधी शाळेत शिकलेल्यांना 'जगत्' आणि 'नाथ'चा 'जगन्नाथ' होतो हे आठवून दिलं, आणि अर्धा तास वाचला. 'वाक्' आणि 'मय'चं 'वाङ्मय' होतं तेही हेच.

'उ'. 'जेमीइस्सुल'मधला 'उ' ओठ गोल न करता. 'ई' म्हणायला ओठ ताणा आणि तसेच ठेवून 'उ' म्हणा. आरशात पाहून दहा वेळा.

हेल. '-यो'ने संपणारं वाक्य विधानही असतं, प्रश्नही. मराठीत 'का' किंवा 'ना' लावून सुटका होते, इथे फक्त शेवट वर न्यायचा किंवा खाली. सहाही जणांचे प्रश्न सपाट येत होते. सपाट, खाली उतरत्या स्वरातलं 'जेमीइन्ने' तर कोरियनमध्ये खोचक लागतं, आपण 'वा, छान' तोंड वाकडं करून म्हणतो तसं.

१४ जून, शनिवार

मूळ भाषक कोरियन शिक्षिकेकडून ऑनलाइन ध्वनिमुद्रण, ४५ मिनिटं, ८०० रुपये. यंत्राच्या आवाजाने काम भागतं का ते आधी पाहिलं होतं. सुटे शब्द ठीक येतात. 'जेमीइत्केत्ता!' मधला उमाळा येत नाही, प्रश्न-विधानाचा हेलही गुळगुळीत. म्हणून माणूसच हवा.

३८ ध्वनिफिती झाल्या. कॉलरला लावायचा माइक ६५० रुपयांना आणून शिक्षिकेची वाक्यं आमच्या बाजूला स्पीकरवरून पकडली. मूर्खपणा. खोलीतला पंखा चालू होता, घरघर सगळ्या फितींत बसली. शिक्षिकेने तिच्या फोनवर मुद्रण करून फाइल पाठवणं हा सरळ मार्ग होता, तो सुचला नाही.

१५ जून

घरघर काढायला ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये चार तास. गोंगाट कमी करणारं साधन पंख्याबरोबर 'स्स'ही खातं, आणि इथे सगळं 'स्स'वरच उभं आहे. 'इस्सॉयो' ऐकायला 'इथॉयो' येऊ लागलं. ३८ फिती टाकून दिल्या.

१८ जून

'कंटाळा' फोडला. 'मजा'पेक्षा कमी पसरलेला, पण जास्त फसवा.

करायला काही नाही म्हणून आलेला कंटाळा: 'शिम्शिम्हेयो'. (लिहिताना 'सिम', पण 'इ'पूर्वी 'स'चा 'श' होतो. 'ह' बोलण्यात जवळजवळ जिरतो: 'शिम्शिमेयो'.) गोष्ट संपता संपत नाही, लांबते म्हणून आलेला: 'जिरुहेयो'. भाषण, रांग, प्रवास. अंगावर येतं, उठावंसं वाटत नाही असा कंटाळा, म्हणजे भांडी घासायचा, फोन उचलायचा: 'ग्विछानायो'. रोज तेच तेच करून, खाऊन आलेला: 'जिल्ल्यॉस्सॉयो'. या शेवटच्या दोघांसाठी शब्दकोशात 'कंटाळा' शोधलात तर हाती 'जिरु'च लागतो, म्हणून पहिल्या संचात ते नव्हतेच.

'जॉनुन जिरुहेयो' म्हणताना सांभाळा. 'मला कंटाळा आलाय' असा अर्थ लागू शकतो, 'मी कंटाळवाणा आहे' असाही. रिकामपणाबद्दल बोलायचं तर 'शिम्शिम' घ्या, तो माणसाचाच असतो. लांबलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं तर गोष्टीचं नाव घ्या: भाषण 'जिरुहेस्सॉयो'.

'शिम्शिम्हादा'ला आणखी एक अर्थ आहे: मीठ-मसाला बेताचा. आपल्या 'अळणी'सारखी त्यात तक्रार असतेच असं नाही. प्योंगयांग नेंग्म्यॉन या नूडल्सच्या थंड रश्श्याला लोक कौतुकानेही 'शिम्शिम' म्हणतात. आणि तिसरा शब्द फक्त दिसायला तोच, चिनी मुळाचा, अर्थ 'अगदी मनापासूनचा'. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलमधल्या एका कॅफेने 'शिम्शिम्हान' माफी मागितली, तर अनेकांनी ती 'कंटाळलेली माफी' समजून जाब विचारला, आणि लोकांना वाचता येतं का यावर देशभर वाद झाला. कोरियन लोकच जिथे घसरले तिथे आपण कार्ड करू नये. नुसतं ऐकून ठेवावं.

२१ जून

रूपं. पुस्तकातून विशेषणाचा नियम शिकलेले सगळे 'जेमीइस्सुन योंग्ह्वा' म्हणत होते. चूक. 'इत्ता' आणि 'ऑप्ता' यांना नामापूर्वी '-नुन' लागतो: 'जेमीइन्नुन योंग्ह्वा', मजेशीर सिनेमा. 'जेमीऑम्नुन सुऑप', कंटाळवाणा तास. भूतकाळी हवं तर 'जेमीइस्सॉत्तॉन'.

आत्ताच लक्षात आलं असं दाखवायला '-नेयो': 'ऑ, जेमीइन्नेयो!', अरे, मजेशीर आहे की. यातला मराठी 'की' म्हणजेच तो '-नेयो', असं सांगितल्यावर पुन्हा समजवावं लागलं नाही.

जोर देणारे शब्द: 'जिंच्चा', 'जॉंग्माल', 'नॉमु'. जुन्या पुस्तकात 'नॉमु' फक्त नकारार्थी किंवा 'अति' या अर्थी दिलेला सापडेल. कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेने २०१५ मध्ये तो चांगल्या अर्थीही मान्य केला. बोलणारे आधीपासून तसाच वापरत होते.

२५ जून

'इंटरेस्टिंग'. आपल्याच बोलण्यात हा शब्द इतका घुसलाय की मराठीतही तो फोडावा लागला.

बुद्धीला खाद्य देणारं, लेख, संशोधन, निकाल: 'हुंग्मिरोप्ता', बोलताना 'हुंग्मिरोवॉयो'. 'प'चा 'व' होतो, ते रूप वेगळं पाठ करा. '-नेयो' लावलं तर 'हुंग्मिरोम्नेयो'. गप्पांत हा शब्द जड वाटतो. झोक्यावरून उतरून 'हुंग्मिरोवॉयो' म्हटलं तर लोक हसतील.

नवल, 'असं पण असतं?': 'शिन्गिहेयो'. यंत्रमानवाच्या प्रसंगात हेच हवं होतं. सहापैकी एकालाही आलं नाही. अनोळखी फळ, जुळ्यांचं साम्य, योगायोग, सगळीकडे चालतो. मराठी बोलणारे जिथे नुसतं 'भारीच!' म्हणतात त्यातल्या निम्म्या जागा याच्या.

रस असणं: '-ए ग्वान्शिमी इस्सॉयो'. 'यॉक्सा-ए ग्वान्शिमी इस्सॉयो', इतिहासात रस आहे. प्रत्ययासकट शब्दाला शब्द मराठीसारखं, फक्त 'जेमी' घालायचा मोह आवरा. माणसाच्या नावाला 'हान्थे' लावून 'ग्वान्शिम इस्सॉयो' म्हटलं तर ती प्रेमाची कबुली होते, तेव्हा सहकाऱ्याच्या कामाबद्दल बोलताय तर कामाचं नाव घ्या.

गमतीचा भाग असा की 'जेमी' ज्यापासून आला तो चिनी मुळाचा 'जामी' म्हणजे पौष्टिक चव. म्हणजे मुळात रसच. एखाद्या गोष्टीची गोडी लागणं याला कोरियन वाक्प्रचार आहे 'जेमीरुल बुछिदा'. तो कार्डात घेतला. 'जेमी बोदा' (मजा पाहणं) घेतला नाही. धंद्यात त्याचा अर्थ नफा कमावणं, आणि भलत्या ठिकाणी भलताच निघतो.

हसवणारं: 'उत्क्यॉयो'. विनोदी माणूस, व्हिडिओ. पण 'उत्किने' हे 'काहीतरीच काय' असं झिडकारणंही आहे. शिक्षकांबद्दल बोलायचं तर 'जेमीइस्सुसेयो', आदराच्या '-उसे'सकट. शिक्षकांना 'उत्क्यॉयो' नको.

२८ जून, शनिवार

दुसरी चाचणी, नवे दहा प्रसंग, पुन्हा ६० उत्तरं. बरोबर ४६.

चुकलेल्या १४ पैकी ८ एकाच जागी: 'शिन्नायो' की 'जुल्गॉवॉयो'. दोन्हीला मराठीत 'मजा आली', 'छान वाटलं' असंच सुचतं. शिन्नायो म्हणजे उसळी, अंगात येणं: वरातीत नाचताना, झोक्यावर, सुट्टी जाहीर झाल्यावर. जुल्गॉवॉयो शांत, समाधानाचं: जुन्या मित्रांबरोबरची संध्याकाळ. घरी परतताना यजमानाला 'जुल्गॉवॉस्सॉयो'. कार्डावर प्रसंगाचे दोन-दोन शब्द होते, ते वाढवून पूर्ण ओळ केली. प्रसंग तोकडा असेल तर चूक कार्डाची, शिकणाऱ्याची नव्हे.

२९ जून

दुसरं ध्वनिमुद्रण, ४५ मिनिटं, ८०० रुपये. या वेळी शिक्षिकेने स्वतःच्या फोनवर मुद्रण करून फाइल पाठवली. सगळं साफ.

तरी चौघांची तक्रार: 'जे' ऐकूच येत नाही, 'मीइस्सॉयो' येतं. कारण ब्लूटूथ इअरफोन. आवाज सुरू होताना ते जागे व्हायला क्षणभर घेतात आणि पहिलं अक्षर गिळतात. प्रत्येक फितीच्या सुरुवातीला अर्ध्या सेकंदाची शांतता घातली, प्रश्न मिटला.

१ जुलै

बोलीतली चार कार्डं, त्याहून जास्त नको. 'जेम' हे 'जेमी'चंच आखूड रूप. 'कुल्जेम': कुल म्हणजे मध, मधासारखी मजा. 'नोजेम': इंग्रजी 'नो' आणि जेम. 'हेंग्नोजेम': पुढे 'हेक', म्हणजे अणुकेंद्र; अणुबॉम्बइतकं कंटाळवाणं. (लिहिताना 'हेक', म्हणताना 'हेंग', ११ जूनचाच नियम.) 'युजेम': नोजेमच्या उलट.

देजॉन शहराला 'नोजेम दोशी', म्हणजे मजा नसलेलं शहर, असं नाव पडलं आहे. पाहुणा आला तर न्यायचं कुठे, या थट्टेचा शेवट १९५६ पासून चाललेल्या सॉंग्शिम्दांग बेकरीवर होतो. कार्डाला हा प्रसंग जोडल्यावर 'नोजेम' कोणी विसरलं नाही.

मागच्या बाजूला तांबड्या अक्षरात: फक्त मित्रांत.

५ जुलै, शनिवार

नकार आणि आदर. 'जेमीऑप्सॉयो' तोंडावर म्हणणं रोखठोक होतं. सिनेमा ज्याने सुचवला त्यालाच सांगायचं तर 'ब्यॉल्लोयॉस्सॉयो', फारसं नाही आवडलं. त्याहून मऊ 'गुन्यांग गुरेस्सॉयो', ठीकठाक होतं. 'आन जेमीइस्सॉयो' असा नकार कानावर पडतो, पण शिकणाऱ्याने टाळावा; हवंच तर 'जेमीइत्ची आनायो'.

दोघं जण कोरियन वरिष्ठांबरोबर काम करतात. त्यांच्यासाठी: वरिष्ठांच्या सादरीकरणानंतर 'जेमीइस्सॉस्सुम्निदा' म्हटलं तर करमणूक झाल्यासारखं हलकं वाटू शकतं. 'जाल दुरॉस्सुम्निदा' (नीट ऐकलं) किंवा 'युइखेस्सुम्निदा' (उपयोगी होतं) म्हणा. पाहुणे वरिष्ठ सहलीवरून परतले तर 'जेमीइस्सुश्यॉस्सॉयो?', शेवट वर नेऊन.

६ जुलै

हिशोब. मुद्रण दोन वेळा १,६०० रुपये, माइक ६५० (गरज नव्हती), चाचणीच्या छापील प्रती ९०. एकूण २,३४०. वेळ ३८ तास, त्यांतले ११ वाया: पहिला संच ४, सीएसव्ही ३, पंखा ४.

संच ५६ कार्डांचा: मजा २२, कंटाळा १२, रस आणि नवल १०, उच्चार ८, बोली ४. रोज ८ नवी कार्डं, सात दिवसांत संच पूर्ण फिरतो. ८ च्या वर गेलात तर 'शिम्शिम' आणि 'शिन्गि' एकमेकांत मिसळतात. दोघांत किमान दोन दिवसांचं अंतर ठेवा.

बाकी राहिलेलं: 'जोखेत्ता'च्या फितीत हेवा कमी आणि सुस्कारा जास्त आलाय, ती पुन्हा घ्यायची. आणि क्रमांक १७ च्या कार्डावर शिफ्ट सुटलेली आज पुन्हा सापडली.